झेंग झी: चीनच्या मधल्या फळीचा दहा नंबर. त्याची खरी जागा कोणती?

मधली_फळी
चिनी फुटबॉलचा विषय निघाला की चर्चा पैशावर आणि मॅच-फिक्सिंगवर येऊन संपते. खेळाडूंबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा झेंग झीसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जन्म २० ऑगस्ट १९८०, शेनयांग, ल्याओनिंग प्रांत. २००१ ते २००४ शेनझेन, मग शानडाँग लुनेंग, २००७ च्या सुरुवातीपासून इंग्लंडमध्ये चार्ल्टन, २००९-१० चा मोसम स्कॉटलंडमध्ये सेल्टिक आणि २०१० च्या मध्यापासून शेवटपर्यंत ग्वांगझो. राष्ट्रीय संघाकडून १०८ सामने, १५ गोल. चिनी सुपर लीगची दहा विजेतेपदं: शेनझेनबरोबर १, शानडाँगबरोबर १, ग्वांगझोबरोबर ८. आशियाई चॅम्पियन्स लीग दोनदा, २०१३ आणि २०१५. शिवाय २०१३ चा आशियातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. त्याच्याआधी हा मान मिळालेला चिनी खेळाडू म्हणजे २००१ चा फान झियी.

माझं म्हणणं असं: लोक त्याला प्रीमियर लीगमध्ये खेळलेला चिनी खेळाडू म्हणून ओळखतात, पण खरा झेंग झी तिशीनंतरचा आहे. ग्वांगझोत बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून सामना चालवणारा. त्याआधीची दहा वर्षं तो सेंटर-बॅकपासून (बचावफळीच्या मधला खेळाडू) आघाडीच्या मागच्या जागेपर्यंत सगळीकडे खेळला आणि त्यामुळे एका जागेवर पक्का कधी झालाच नाही. तुम्हाला काय वाटतं?

आडवा_पास
साफ असहमत. २००६ चा शानडाँग आठवा. लीग आणि चषक, दोन्ही एकाच वर्षात. कोच तुंबाकोविचच्या संघात झेंग झी मधून पळत थेट पेनल्टी बॉक्समध्ये शिरायचा. पुढे ली जिन्यू होता, त्याने त्या मोसमात २६ गोल केले. सेंटर-बॅकना ली जिन्यूला सोडता यायचं नाही, आणि मागून येणाऱ्या झेंग झीला धरायला कुणी उरायचं नाही. त्या वर्षी चीनचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, २००२ नंतर दुसऱ्यांदा. २६ वर्षांचं वय, दोन्ही बॉक्समध्ये पोचणारी धाव, पेनल्टी घेणारा. याला तुम्ही 'पक्का न झालेला' म्हणता?

ग्वांगझोतला झेंग झी उत्तम होता, वाद नाही. पण ती वयाने आलेली तडजोड होती.

शून्य_शून्य
दहा नंबरचा शर्ट, म्हणजे सहसा पुढे खेळणाऱ्याचा, घालून होल्डिंग (बचावफळीच्या पुढ्यात थांबून) खेळणारा दुसरा कुणी मोठा खेळाडू सांगा बरं!

मधली_फळी
@शून्य_शून्य, आणि ग्वांगझोत तर कोंकासारखा परदेशी आघाडीचा खेळाडू असतानाही दहा नंबर झेंग झीकडेच. कोंका १५, मुरीकी ११, एल्केसन ९. यावरून संघात कुणाचा शब्द चालायचा ते कळतं.

@आडवा_पास, तडजोड म्हणा, पण त्या तडजोडीनेच त्याला दोन आशियाई चॅम्पियन्स लीग दिल्या. २००५ मध्ये त्याच स्पर्धेत हाच खेळाडू शानडाँगकडून सौदीतल्या जेद्दाला गेला तेव्हा अल-इत्तिहादने सात गोल घातले. घरी १-१, तिकडे २-७. पळत पुढे जाणारा मिडफिल्डर चिनी लीगमध्ये शोभून दिसतो. प्रतिस्पर्धी वेगवान असला की त्याने मागे सोडलेली जागा महाग पडते.

हिशेबनीस
मुद्दा बाजूला राहतोय. २०१० मध्ये ग्वांगझोला मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात दुसऱ्या श्रेणीत ढकललं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीने दहा कोटी युआनला क्लब विकत घेतला. त्यानंतर जे झालं ते पैशाचं आहे. २०११ चा बोनसचा नियमच बघा: सामना जिंकला तर संघाला पन्नास लाख युआन, बरोबरी झाली तर दहा लाख, हरला तर तीस लाख दंड. एवढं मिळत असेल तर कुणीही जीव तोडून खेळेल. कोंका, मुरीकी, एल्केसन पुढे असताना मागे झेंग झीऐवजी दुसरा कुणी असता तरी लीग जिंकलीच असती.

तिसरा_रेफरी
@हिशेबनीस, इथे तुमचा हिशेब अर्धा राहिला. पैशाने काय घेता येत नव्हतं ते बघा.

त्या काळात मैदानावर एका वेळी तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू, एवढीच मुभा होती. गोलकीपर तर चिनीच हवा, हा नियम २००१ पासूनचा. म्हणजे कितीही पैसा असला तरी अकरापैकी सात चिनी. ग्वांगझोने तिन्ही परदेशी जागा आघाडीत खर्च केल्या आणि आशियाई जागा कोरियाच्या किम यंग-ग्वॉनला, सेंटर-बॅक म्हणून दिली. उरलं काय? दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू), दुसरा सेंटर-बॅक, गोलकीपर, एक आघाडीचा आणि मधल्या फळीचे मागचे दोघे. हे सगळे चिनीच.

यातल्या बाकी जागांवर राष्ट्रीय संघातली मुलं घेता येत होती, आणि त्यांनी घेतलीही: झांग लिनपेंग, फेंग शियाओतिंग, सुन शियांग, गाओ लिन. पण दबावाखाली चेंडू घेऊन वळणारा आणि योग्य वेळी पुढे देणारा चिनी मिडफिल्डर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. चेंडू कोंकापर्यंत पोचलाच नाही तर कोंकाचा उपयोग काय? परदेशी आघाडी जितकी महाग, तितकी तिच्यामागच्या चिनी मिडफिल्डरची किंमत वाढत जाते. चिनी लीगमध्ये आघाडीवर लाखो डॉलर ओतून मधोमध फसलेले क्लब त्या दशकात कितीतरी होते. शांघाय शेनह्वाने २०१२ मध्ये अनेल्का आणि द्रोग्बा दोघांनाही आणलं, तरी विजेतेपद ग्वांगझोचंच. हाच अनेल्का पुढे २०१४ मध्ये मुंबई सिटीकडे आला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं असेल.

हिशेबनीस
कोट्याचा मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी एक विचारतो. त्याच नियमात पुढे ब्राझीलचा पाउलिन्यो मधल्या फळीत आणलाच ना? मग जागा चिनीच हवी असं कुठे राहिलं?

तिसरा_रेफरी
हो, २०१५ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमकडून. पण पाउलिन्यो झेंग झीच्या जागी नव्हता आला. तो पुढे जाऊन गोल करणारा. झेंग झी मागे थांबतो याची खात्री होती म्हणूनच पाउलिन्यो बॉक्समध्ये घुसू शकला, आणि त्याच खेळाच्या जोरावर २०१७ मध्ये बार्सिलोनाने ४ कोटी युरो मोजले. आडवा_पास यांना २००६ चा जो झेंग झी आवडतो, त्याच्या जागेवर आता पाउलिन्यो होता, आणि त्याच्यामागे ३५ वर्षांचा स्वतः झेंग झी.

आडवा_पास
हे छान सांगितलंत. तरी मत तेच.

पिवळं_कार्ड
सगळे कौतुक करताहेत, पण शिस्तीची बाजूही मांडायला हवी. तिच्याशिवाय तिशीनंतरचा बदल कळणारच नाही.

२००५ च्या त्या अल-इत्तिहादविरुद्धच्या लढतीत रेफ्रीवर थुंकल्याबद्दल आशियाई महासंघाने सहा महिन्यांची बंदी घातली. ७ जून २००६ ला सेंट-एतियनला फ्रान्सविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना, विश्वचषकाला दोन दिवस राहिलेले. चेंडूमागे धावताना झेंग झीचा मागून धक्का लागला, जिब्रिल सिसे पडला आणि त्याचा पाय मोडला. विश्वचषक गेला. त्यात हेतू होता असं मला वाटत नाही, पूर्ण वेगात पळणाऱ्याला मागून थोडासा धक्कासुद्धा पुरतो. पण मैत्रीपूर्ण सामन्यात इतकं खेटायची गरज नव्हती.

आणि २००८ चं ऑलिंपिक. २३ वर्षांवरचे तीनच खेळाडू घेता येतात, त्यातला हा एक. बेल्जियमविरुद्धचा सामना शेनयांगला, म्हणजे त्याच्या जन्मगावी. कोपर मारल्याबद्दल लाल कार्ड. तान वांगसोंगही बाहेर गेला. चीन नऊ खेळाडूंवर, ०-२ पराभव, आणि पुढच्या ब्राझीलविरुद्धच्या सामन्याला झेंग झी निलंबित. ज्याला संघाचा आधार म्हणून घेतलं तोच नेमका नाही.

पुणेरी_विंग
त्या फ्रान्सच्या सामन्याची एक जोड. फ्रान्सचा पहिला गोल त्रेझेगेचा होता आणि चीनचा एकमेव गोल झेंग झीचा, पेनल्टीवर. शेवट ३-१. हाच त्रेझेगे २०१४ मध्ये एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला.

ठाणे_ते_टेम्स
इंग्लंडचा भाग कुणी नीट लिहिलेला नाही, म्हणून लिहितो.

चार्ल्टनचा २००६-०७ चा मोसम आधीच घसरला होता. नोव्हेंबरमध्ये इयन डाउई गेला, त्याच्या जागी आलेला लेस रीड नाताळच्या आदल्या दिवशी गेला आणि अॅलन पार्ड्यू आला. म्हणजे एका मोसमात तिसरा मॅनेजर. अशा क्लबमध्ये झेंग झी उसनवारीवर आला. प्रीमियर लीगमध्ये १२ सामने, १ गोल. तो गोल १८ मार्च २००७ ला न्यूकॅसलविरुद्ध, चार्ल्टन २-० ने जिंकलं. पण श्रेणी वाचली नाही.

यानंतर जे झालं त्याचं मला जास्त कौतुक आहे. क्लब खाली गेल्यावर उसनवारीवरचा खेळाडू सहसा परत जातो. झेंग झीने ऑगस्ट २००७ मध्ये कायमचा करार केला आणि चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, खेळला. ही लीग म्हणजे मोसमात ४६ सामने, मंगळवार-शनिवार, मंगळवार-शनिवार. उंच चेंडू, डोक्यावरच्या लढती आणि मधल्या फळीत श्वास घ्यायला उसंत नाही. चिनी लीगमध्ये तेव्हा चेंडू घेऊन दोन-तीन स्पर्श करायला वेळ मिळायचा, इथे पहिला स्पर्श लांब गेला की पाय येतोच. २००७-०८ मध्ये तो पार्ड्यूच्या संघातला नेहमीचा खेळाडू होता. पुढच्या मोसमात मात्र सगळंच बिघडलं. नोव्हेंबर २००८ मध्ये पार्ड्यू गेला, चार्ल्टन तळाला राहून तिसऱ्या श्रेणीत गेलं, आणि झेंग झी करार संपून मोकळा झाला.

तिशीनंतर दिसलेला जो शांतपणा आहे, चेंडू यायच्या आधीच पुढचं ठरवून ठेवणं, तो इथे अंगात मुरला असं माझं ठाम मत आहे.

नवखा_फॅन
एक शंका. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्क परमिटचा नियम काय होता? चिनी खेळाडूंना तो जड का जायचा?

ठाणे_ते_टेम्स
@नवखा_फॅन, दोन अटी होत्या. एक, मागच्या दोन वर्षांत देशाच्या अधिकृत स्पर्धात्मक सामन्यांपैकी किमान ७५ टक्के सामन्यांत खेळलेला असावा. मैत्रीपूर्ण सामने धरत नाहीत. दुखापतीमुळे उपलब्ध नव्हता असे सामने हिशेबातून वगळता येत. दोन, त्याच दोन वर्षांत देशाचं फिफा क्रमवारीतलं सरासरी स्थान पहिल्या ७० मध्ये असावं. यातलं एखादं बसत नसेल तर क्लबला समितीपुढे अपील करावं लागे आणि हा खेळाडू खास आहे हे पटवावं लागे.

चीनचा त्रास असा की २००६ च्या विश्वचषक पात्रतेतून ते नोव्हेंबर २००४ मध्येच बाहेर पडले. शेवटच्या सामन्यात हाँगकाँगला ७-० ने हरवलं, पण तिकडे कुवेतने मलेशियाला ६-१ ने हरवलं. गुण समान, गोलफरक समान, आणि कुवेतचा एक गोल जास्त. त्यामुळे पुढे जवळजवळ दीड-दोन वर्षं स्पर्धात्मक सामने फारच कमी उरले, २००६ मध्ये आशियाई चषकाचे सहा पात्रता सामने. आता सहापैकी दोन चुकले की टक्केवारी ६७ वर येते. सामने कमी असले की एकेका सामन्याचं वजन असं वाढतं. क्रमवारीही त्यामुळेच घसरते.

नवखा_फॅन
धन्यवाद. एका गोलने विश्वचषक आणि वर्क परमिट दोन्ही अडतात हे डोक्यात आलं नव्हतं.

ग्लासगो_गल्ली
सेल्टिकबद्दल दोन ओळी. २००९ च्या सप्टेंबरात टोनी मोब्रेने त्याला फुकट घेतलं. जपानचा नाकामुरा त्याच उन्हाळ्यात एस्पान्योलला गेला होता, त्यामुळे लोकांनी उगाच तुलना केली. नाकामुरा फ्री-किकवाला, डावखुरा, पुढे खेळणारा. झेंग झीचं काम वेगळं. संघही डळमळीत होता. मार्च २०१० मध्ये सेंट मिरेनकडून ०-४ हरल्यावर मोब्रेची गच्छंती, नील लेनन हंगामी. विजेतेपद रेंजर्सला. या मोसमावरून त्याच्याबद्दल काहीच ठरवू नये.

मधली_फळी
@ग्लासगो_गल्ली, अगदी. आणि तिथून तो थेट चीनच्या दुसऱ्या श्रेणीत गेला, हे बघा. ग्वांगझोत तेव्हा कोरियाचे ली जांग-सू कोच होते. त्याच मोसमात नानजिंग योयोला १०-० ने हरवलं, दुसरी श्रेणी जिंकली, आणि वर आल्यावर पहिल्याच वर्षी, २०११ मध्ये, सुपर लीग. मे २०१२ मध्ये इटलीचे लिप्पी कोच म्हणून आले आणि झेंग झीची जागा पक्की झाली.

तिरका_कोन
मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या जागेवर नेमकं काम काय असतं हे लिहिल्याशिवाय कोण सर्वोत्तम ते ठरणार नाही.

लिप्पीचा ग्वांगझो बहुतेकदा ४-२-३-१, म्हणजे चार बचावात, दोन त्यांच्या पुढ्यात, तीन आघाडीच्या मागे, एक पुढे. मागच्या दोघांत झेंग झी आणि ह्वांग बोवेन. हे दोघे एका आडव्या रेषेत उभे राहिले की प्रतिस्पर्ध्याचा एकच उभा पास दोघांनाही निकामी करतो. म्हणून ते तिरके हवेत: एक पुढे, दुसरा त्याच्या आठ-दहा मीटर मागे आणि बाजूला. चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचा पुढे सरकतो, दुसरा मधोमध मागे येतो. चेंडू बाजू बदलला की दोघांची अदलाबदल. हे नव्वद मिनिटं बोलून बोलून करावं लागतं. बहुतेक जोड्या सत्तराव्या मिनिटानंतर फुटतात, कारण दमलेला खेळाडू पुढे पळतो पण मागे चालत येतो.

झांग लिनपेंग हा पुढे धावणारा उजवा फुल-बॅक. तो वर गेला की त्याच्यामागे तीस-चाळीस मीटर मैदान उघडं. ती जागा कुणी भरायची? सेंटर-बॅक बाहेर सरकला तर मध्य रिकामा. म्हणून जवळचा होल्डिंग खेळाडू खाली उतरून सेंटर-बॅकच्या बाजूला येतो, तिघांची फळी होते आणि फुल-बॅकला वर राहता येतं. झेंग झी तरुणपणी सेंटर-बॅक खेळलेला असल्यामुळे त्याला हे उतरणं अवघड गेलं नाही. धाग्याच्या सुरुवातीला 'सगळीकडे खेळला म्हणून पक्का झाला नाही' असं लिहिलंय, मला उलट वाटतं. सगळीकडे खेळला म्हणूनच ही जागा त्याला जमली.

दुसरी गोष्ट, चेंडू घेताना अंग. समोरून सेंटर-बॅकचा पास येतोय. तो जवळच्या पायावर घेतला तर पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे राहते आणि चेंडू मागेच द्यावा लागतो. अंग तिरकं ठेवून लांबच्या पायावर घेतला तर पहिल्याच स्पर्शात पुढचं मैदान दिसतं. पण हे करायला मागे कोण आहे हे आधी माहीत हवं, म्हणून पास सुटायच्या आधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना एकदा मान वळवून बघायचं. जे खेळाडू बघत नाहीत ते सुरक्षित म्हणून मागे पास देतात, आणि मग प्रेक्षकांना वाटतं की संघाला पुढे जायचंच नाही.

तिसरी, फाऊल कुठे करायचा. चेंडू हातचा गेला आणि प्रतिस्पर्धी सुटला, तर त्याला मधल्या रेषेच्या पलीकडेच अडवायचं. तिथल्या फाऊलला बऱ्याचदा नुसती फ्री-किक मिळते. तोच फाऊल पंचवीस मीटरवर केला तर पिवळं कार्ड आणि गोलसमोर धोकादायक फ्री-किक. शिवाय विसाव्या मिनिटाला कार्ड मिळालेला होल्डिंग खेळाडू उरलेली सत्तर मिनिटं पाय घालायला कचरतो. २००८ चा झेंग झी आणि २०१३ चा झेंग झी यांतला फरक मला इथेच दिसतो.

पिवळं_कार्ड
@तिरका_कोन, शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. लढाऊपणा तोच राहिला, तो वापरायची जागा त्याने बदलली.

शून्य_शून्य
लांबच्या पायावर घेण्याचा मुद्दा आजच्या संध्याकाळच्या खेळात सगळ्यांना ऐकवणार! 😀

नवखा_फॅन
२०१३ ची आशियाई चॅम्पियन्स लीगची फायनल बघायची झाली तर दोनपैकी कोणता सामना बघू?

तिरका_कोन
दोन्ही बघा, पण आधी गणित समजून घ्या. प्रतिस्पर्धी कोरियाचा एफसी सोल. पहिला सामना २६ ऑक्टोबरला सोलमध्ये, २-२. ग्वांगझोचे गोल एल्केसन आणि गाओ लिन. दुसरा ९ नोव्हेंबरला ग्वांगझोच्या तिआनहे स्टेडियममध्ये. तेव्हा दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ जिंकायचा. म्हणजे ०-० किंवा १-१ ला ग्वांगझो विजेते, २-२ ला जादा वेळ, आणि ३-३ ला सोल विजेते.

एल्केसनने १-० केलं, थोड्याच वेळात सोलच्या डॅम्यानोविचने १-१. यापुढे जवळजवळ अर्धा तास सोलला एक गोल पुरेसा होता, आणि ग्वांगझोला तो होऊ द्यायचा नव्हता. हा अर्धा तास बघा. चेंडूकडे बघू नका, फक्त दहा नंबरकडे बघा. सोलने लांब उंच चेंडू टाकला की सेंटर-बॅक तो डोक्याने परत फेकतो आणि चेंडू साधारण पंधरा-वीस मीटरवर पडतो. तिथे आधी कोण पोचतं यावर असे सामने ठरतात. मागचा मिडफिल्डर हेडर होण्याआधीच त्या जागेकडे निघालेला हवा. हेडर झाल्यावर निघाला तर उशीर झालेला असतो.

हिशेबनीस
हे वाचून एक मान्य करतो: फायनलचा तो शेवटचा टप्पा पैशाने खेळता येत नाही. पण २०१३ चा आशियाई पुरस्कार त्याला मिळाला तो संघ जिंकला म्हणून. एल्केसन आणि कोंका आशियाई नाहीत, त्यामुळे त्यांना मिळणारच नव्हता.

तिसरा_रेफरी
बरोबर, पुरस्कार आशियाई देशांच्या खेळाडूंनाच. पण त्या संघात किम होता, झांग लिनपेंग होता, ह्वांग बोवेन होता. त्यांतून कर्णधार निवडला, तर त्याला संघाचा वाटा म्हणून कमी का लेखायचं? त्याच वर्षी क्लब विश्वचषकात इजिप्तच्या अल अहलीला २-० ने हरवलं, मग बायर्नकडून ०-३. बायर्नसमोर मधली फळी चेंडूशिवाय किती वेळ राहते तेही दिसलं. ते नाकारायचं कारण नाही.

लाल_ड्रॅगन
राष्ट्रीय संघाबद्दल कुणीच बोललं नाही! २००४ च्या आशियाई चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इराकविरुद्ध ३-०, त्यात दोन गोल झेंग झीचे. पुढे बीजिंगमधल्या फायनलमध्ये जपानकडून १-३. मग तब्बल अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात, हाच ३४ व्या वर्षी कर्णधार. गटातले तिन्ही सामने जिंकले: सौदी अरेबिया, उझबेकिस्तान, उत्तर कोरिया. उपांत्यपूर्व फेरीत यजमानांकडून ०-२, दोन्ही गोल टिम केहिलचे. मार्च २०१७ मध्ये चांगशा शहरात दक्षिण कोरियाला १-० ने हरवलं, गोल यू दाबाओचा. आणि २०१९ मध्ये अमिरातीत, ३८ व्या वर्षी, पुन्हा कर्णधार. उपांत्यपूर्व फेरीत इराणकडून ०-३.

इतक्या मोठ्या देशाला पंधरा वर्षांत त्याची जागा घेणारा मिळाला नाही, याचं मला वाईट वाटतं. ३८ व्या वर्षी त्याला खेळवावं लागलं यात त्याची थोरवी आहेच, पण व्यवस्थेचं अपयशही आहे.

तिसरा_रेफरी
@लाल_ड्रॅगन, आणि ते अपयश पुन्हा कोट्याशी जोडलेलं आहे. परदेशी जागा आघाडीला आणि मधल्या फळीच्या पुढच्या जागेला गेल्या, त्यामुळे चिनी मुलं विंगवर किंवा बचावात वाढली. २०१७ मध्ये महासंघाने नियम बदलले: सामन्यात तीनच परदेशी, शिवाय २३ वर्षांखालचा एक खेळाडू सुरुवातीच्या अकरात हवाच. काही कोचनी काय केलं? तरुणाला पंधरा-वीस मिनिटं खेळवलं आणि बदललं. नियम पाळला गेला, मिडफिल्डर तयार झाला नाही. मधली फळी अशी घडत नाही. त्या जागेवरच्या मुलाला सलग दोन-तीन मोसम चुका करू द्याव्या लागतात.

मडगावकर
गोव्याच्या बाजूने एक नोंद. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने आमच्या फातोर्ड्यातच. अल-रय्यान आणि अल-वाहदाशी ०-० केलं, आणि पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने आघाडीही मिळवून दिली होती. त्याच वर्षीच्या त्याच स्पर्धेत ग्वांगझोने राखीव आणि कुमार खेळाडू पाठवले आणि सहाच्या सहा सामने हरले. दोनदा ही स्पर्धा जिंकलेला क्लब!

मधली_फळी
@मडगावकर, तो क्लबच्या पडझडीचा काळ. २०२१ मध्ये कोच कान्नावारो गेल्यावर हंगामी कोच म्हणून झेंग झीनेच सूत्रं हाती घेतली. २०२२ ला क्लब खाली गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये परवाना न मिळाल्याने बंद झाला. आठ सुपर लीग जिंकलेला क्लब आज अस्तित्वात नाही.

आडवा_पास
धागा वाचून माझं उत्तर थोडं नेमकं करतो. झेंग झीची सर्वात प्रभावी जागा २००६ ची, कारण त्या जागेवरून त्याने एकट्याने सामने फिरवले. सर्वात उपयोगी जागा २०१३ ची, हे तिरका_कोन यांच्या प्रतिसादानंतर मानतो. 'सर्वोत्तम' म्हणताना मी प्रभाव बघतो, तुम्ही उपयोग बघता.

मधली_फळी
प्रभावाचंच माप लावू. २००४ ला शेनझेन विजेते झाले तेव्हा खेळाडूंचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. कोच झू ग्वांगहूच्या त्या संघात ना मोठे परदेशी, ना पैसा. तिथेही झेंग झी होता. पगार थकलेला शेनझेन, ली जिन्यूचा शानडाँग, लिप्पीचा ग्वांगझो: तीन अगदी वेगळे संघ, तीन वेगळ्या जागा, तिन्हीकडे लीग. पण आशिया जिंकली ती एकाच जागेवरून. म्हणून माझं मत ग्वांगझोच्या बाजूनेच.

नवखा_फॅन
सोलचा दुसरा सामना आज रात्री लावतोय. एल्केसनच्या गोलपासून बघायला सुरुवात करू का?

तिरका_कोन
त्याच्या दहा मिनिटं आधीपासून. १-० च्या आधी झेंग झी किती पुढे उभा आहे ते लक्षात ठेवा, आणि १-१ नंतर किती मागे आलाय ते बघा. ह्वांग बोवेन आणि तो एका रेषेत किती वेळा सापडतात तेही मोजा. आकडा इथे लिहा, मग पुढे बोलू.